क्लास रचणारा क्रिस्टेन न्यूगोर

१९६७ च्या वसंत ऋतूतली गोष्ट. ऑस्लोमधील नॉर्वेजियन कम्प्युटिंग सेंटर या संस्थेत नुकताच लागलेला एक कर्मचारी घाबऱ्याघुबऱ्या टेलिफोन ऑपरेटरकडे आला. वरच्या मजल्यावर फळ्यासमोर दोन माणसे हातघाईवर आली आहेत, आता काय करायचे, असे तो विचारत होता. ऑपरेटरबाईंनी बाहेर येऊन क्षणभर कान दिला आणि त्याला शांत केले. मारामारी वगैरे काही नव्हती. डाल आणि न्यूगोर सिम्युलावर चर्चा करत होते, इतकेच.

सिम्युला ही संगणकाची भाषा. त्या काळात त्या फळ्यावर जे वाद झाले, त्यांतून ‘क्लास’ नावाची कल्पना आकाराला आली. आज जावा, सी प्लस प्लस, पायथन यांपैकी कोणतीही भाषा शिकणारा विद्यार्थी पहिल्या काही आठवड्यांतच क्लास लिहायला बसतो. बँकेचे खाते, रेल्वेचे आरक्षण, रुग्णालयातील केसपेपर या सगळ्यांच्या मागे असे हजारो क्लास काम करत असतात. पण क्लास आला तसा एक अवघड प्रश्नही आला. एका क्लासमध्ये काय काय असावे आणि काय बाहेर ठेवावे? आत ठेवलेल्या गोष्टी खरोखर एकमेकींच्या आहेत की नुसत्या एका पोत्यात कोंबल्या आहेत, हे मोजता येईल का? या मोजमापाच्या मागे पुढे दोन पिढ्यांचे संशोधक लागले. ज्याने हा प्रश्न जन्माला घातला, तो माणूस मात्र उत्तर शोधायला कारखान्यात कामगारांकडे गेला.

क्रिस्टेन न्यूगोर यांचा जन्म २७ ऑगस्ट १९२६ रोजी ऑस्लोत झाला. (इंग्रजीच्या सवयीमुळे आपल्याकडे त्यांचे नाव बहुधा ‘नायगार्ड’ असे उच्चारले जाते.) ते तेरा वर्षांचे असताना जर्मन फौजा नॉर्वेत शिरल्या आणि त्यांचे सारे कुमारवय त्या ताब्यात गेले. युद्ध संपल्यावर १९४८ मध्ये सक्तीच्या लष्करी सेवेसाठी ते संरक्षण संशोधन संस्थेत रुजू झाले. तिथे ते बारा वर्षे राहिले.

तिथले पहिले मोठे काम अणुभट्टीचे होते. नॉर्वेची पहिली अणुभट्टी उभी राहत होती आणि युरेनियममध्ये किती न्यूट्रॉन शोषले जातील, हे आधी काढायचे होते. संस्थेत तेव्हा संगणक नव्हता. हाताने आकडेमोड करणाऱ्यांचा एक कक्ष होता आणि न्यूगोर त्याचे काम पाहत. नेहमीच्या समीकरणांनी बरीच झटापट करूनही गाडे पुढे सरकेना, तेव्हा १९४९-५० मध्ये त्यांनी रस्ता बदलला. सगळ्या न्यूट्रॉनांचे एकत्र समीकरण मांडण्याऐवजी एक न्यूट्रॉन घ्यायचा आणि त्याचा प्रवास पावलापावलाने कागदावर चालवायचा. तो कुठे आदळला, किती मंदावला, शोषला गेला की निसटला, हे प्रत्येक वळणावर यादृच्छिक आकड्यांनी ठरवायचे. मग दुसरा न्यूट्रॉन, मग तिसरा. अशा पुष्कळ प्रवासांची बेरीज केली की उत्तर हाती येते. हीच मॉन्टे कार्लो पद्धत. एका वाक्यात सांगायचे तर गोष्ट सोडवता येत नसेल तर ती घडवून पाहायची. न्यूगोर यांच्या डोक्यात हे कायमचे बसले. १९५६ साली ऑस्लो विद्यापीठात त्यांनी गणिताच्या पदव्युत्तर पदवीसाठी जो प्रबंध दिला, तोही मॉन्टे कार्लो पद्धतीच्या सैद्धांतिक बाजूवर होता.

पुढे ते ऑपरेशनल रिसर्चकडे वळले. लष्करातील मोठ्या, गुंतागुंतीच्या व्यवस्थांचा गणिताने अभ्यास करण्याचे ते शास्त्र. न्यूट्रॉनच्या जागी आता माणसे, वाहने, यंत्रे आणि रांगा आल्या. अडचण निराळीच निघाली. आकडेमोड करणे जमत होते, पण व्यवस्थेचे वर्णन कोणत्या शब्दांत करायचे हेच ठरत नव्हते. एखाद्या बंदराचे किंवा कारखान्याचे कामकाज कागदावर उतरवायचे, तर त्यात कोण कोण आहे, प्रत्येकाजवळ कोणती माहिती आहे, कोण कशाची वाट पाहतो आहे, हे सांगायला भाषाच नव्हती. १९६० मध्ये न्यूगोर नॉर्वेजियन कम्प्युटिंग सेंटरमध्ये आले आणि पुढच्याच वर्षी ही भाषा घडवण्याचा विचार त्यांनी पक्का केला.

मात्र भाषा घडवणे एकट्याचे काम नव्हते. संरक्षण संस्थेतच त्यांना ओले-योहान डाल भेटले होते. डाल पाच वर्षांनी लहान, अबोल, पियानो वाजवणारे आणि प्रोग्रॅमिंगमध्ये विलक्षण तयारीचे. न्यूगोर धिप्पाड, मोठ्या आवाजाचे, सभा जिंकणारे. व्यवस्थांकडे कसे पाहायचे याची दृष्टी न्यूगोर यांची आणि ती यंत्रात प्रत्यक्ष चालवण्याची बुद्धी डाल यांची, अशी वाटणी सर्रास केली जाते. ती अर्धीच खरी आहे. पण त्या दोघांना एकमेकांवाचून सिम्युला जमली नसती, हे मात्र निःसंशय.

नॉर्वेतल्या जाणत्या मंडळींनी या बेताचे स्वागत कसे केले, हे वाचण्यासारखे आहे. असल्या भाषेचा काही उपयोग नाही, असे काहींचे मत पडले. उपयोग आहे, पण हे काम आधीच होऊन गेले आहे, असे दुसऱ्यांचे. या दोघांची तेवढी कुवत नाही, अशीही शंका निघाली. आणि ही कामे भरपूर साधने असलेल्या मोठ्या देशांनी करायची, नॉर्वेसारख्या लहानशा देशाने त्यात पडू नये, हा सल्ला तर होताच. लहान देशांतील आणि लहान भाषांतील संशोधकांना हा शेवटचा मुद्दा ओळखीचा वाटेल.

न्यूगोर यांनी यावर शोधलेला तोडगा व्यापाऱ्याला शोभेल असा होता. मे १९६२ मध्ये अमेरिकेच्या युनिव्हॅक कंपनीने आपल्या नव्या यंत्रांच्या निमित्ताने त्यांना अमेरिकेत बोलावले. गिऱ्हाईक म्हणून गेलेले न्यूगोर विक्रेते होऊन बसले. आम्ही तुमच्या ‘युनिव्हॅक ११०७’ या यंत्रासाठी सिम्युला तयार करून देतो, त्या बदल्यात यंत्र आम्हाला भरघोस सवलतीत द्या, असा सौदा त्यांनी जमवला. ऑगस्ट १९६३ मध्ये यंत्र ऑस्लोत आले. जी भाषा अजून पुरती तयार झाली नव्हती, तिच्या भरवशावर संस्थेला त्या काळातला एक बलाढ्य संगणक मिळाला होता.

भाषेचा पाया म्हणून त्यांनी अल्गॉल ६० ही भाषा घेतली होती, आणि तिथेच ते अडकले. अल्गॉलमध्ये चालू कामांची रचना ताटांच्या चवडीसारखी असते. शेवटी ठेवलेले ताट आधी उचलायचे. ते झाल्याशिवाय खालच्याला हात लावायचा नाही. पण विमानतळाचे चित्र डोळ्यांसमोर आणा. एक प्रवासी खिडकीपाशी उभा आहे, दुसरा सामान तोलतो आहे, तिसरा रांगेत ताटकळला आहे. सगळ्यांची कामे अर्धवट आणि सगळेच एकाच वेळी ‘जिवंत’. चवडीत हे बसत नाही. डाल यांनी संगणकाची स्मृती वाटण्याची नवी रीत रचली, तेव्हा ही कोंडी फुटली.

त्यातून दुसरा, अधिक खोल बदल झाला. सुरुवातीच्या आराखड्यात खिडक्या काम करणाऱ्या होत्या आणि प्रवासी नुसते इकडून तिकडे ढकलले जाणारे. फेब्रुवारी १९६४ च्या सुमारास दोघांनी हा भेद मोडून काढला. खिडकी असो की प्रवासी, प्रत्येकाजवळ स्वतःची माहिती आणि स्वतःची कृती असेल, असे ठरले. माहिती एका कपाटात आणि ती वापरणारे हुकूम दुसऱ्या कपाटात, ही तोवरची रीत. इथे ज्याची माहिती त्याच्याच जवळ, आणि ती हाताळण्याचे कामही त्याच्याकडेच. पुढच्या वर्षाच्या आरंभी पहिली सिम्युला युनिव्हॅकवर चालू लागली.

ती वापरताना आणखी एक अडचण सतत टोचत होती. टोलनाका असलेल्या पुलाचे उदाहरण त्यांच्यासमोर होते. रांगेत ट्रक आहेत, बस आहेत. ट्रकची काही माहिती वेगळी, बसची वेगळी. पण रांगेत उभे राहणे, पुढे सरकणे दोघांनाही सारखेच. मग ते दोनदा का लिहायचे? डिसेंबर १९६६ आणि जानेवारी १९६७ या दोन महिन्यांत उत्तर सापडले. आधी ‘वाहन’ लिहायचे आणि ट्रक व बस यांच्यापुढे ते जोडायचे. सामाईक ते वाहनात, आपापले ते आपल्याजवळ. इंग्लंडच्या टोनी होअर यांचे त्याच दिशेने जाणारे काम दोघांनी आधीच्या सप्टेंबरात ऐकले होते, त्याचाही उपयोग झाला. मे १९६७ मध्ये ऑस्लोजवळच्या लीसेबू इथे भरलेल्या परिषदेत क्लास आणि उपक्लास जगासमोर आले.

या कल्पनेला पाय फुटायला वेळ लागला नाही. अमेरिकेत ॲलन के यांच्या हाती योगायोगानेच सिम्युलाची कागदपत्रे पडली. ‘ऑब्जेक्ट-ओरिएंटेड’ हे नाव पुढे त्यांनीच रूढ केले. डेन्मार्कच्या ऑर्‍हुसमध्ये शिकलेले ब्यार्न स्ट्रोउस्ट्रुप यांनी केंब्रिजला सिम्युला वापरली आणि १९७९ पासून सी भाषेत क्लास आणायला घेतले. तीच सी प्लस प्लस. पुण्या-बंगळूरच्या कंपन्यांत आज जो कोड लिहिला जातो, त्याचे गोत्र शोधत गेले की ऑस्लोच्या त्या फळ्यापाशीच पोहोचते.

आता तो अवघड प्रश्न. रुग्णालयासाठी ‘रुग्ण’ नावाचा क्लास लिहायचा आहे असे समजा. त्यात दोन माहित्या ठेवल्या: रक्तदाबाच्या नोंदी आणि बिलाची रक्कम. कामे चार दिली: रक्तदाब नोंदवणे, त्याची सरासरी काढणे, बिलात रक्कम मिळवणे, पावती छापणे. वाचायला काही वावगे नाही. पण नीट पाहिले तर पहिली दोन कामे बिलाला कधी हात लावत नाहीत आणि शेवटची दोन रक्तदाबाकडे बघत नाहीत. एका छपराखाली दोन बिऱ्हाडे आहेत. उद्या कराचा दर बदलला की बिलाचा कोड उघडावा लागेल आणि त्या गडबडीत रक्तदाबाच्या सरासरीला धक्का लागण्याची भीती राहील. रुग्णालयात अशा धक्क्याची किंमत काय असते, हे सांगायला नको.

आतल्या भागांच्या या एकजीवपणाला सॉफ्टवेअरच्या शास्त्रात ‘कोहेजन’ म्हणतात. शब्द आला तो क्लासच्या दुनियेबाहेरून. लॅरी कॉन्स्टंटाइन या अमेरिकी अभियंत्याने साठच्या दशकात तो साध्या प्रोग्रॅमच्या तुकड्यांसाठी वापरला आणि १९७४ मध्ये दोन सहकाऱ्यांसह लिहिलेल्या लेखाने तो सर्वत्र पोहोचला. योगायोगाने जवळ आलेल्या गोष्टी सगळ्यात खालच्या पायरीवर, एकाच कामासाठी एकत्र आलेल्या सगळ्यात वरच्या, अशी त्यांनी शिडी लावली. कुठली पायरी, हे मात्र माणसाने वाचून ठरवायचे होते.

यंत्राला मोजता येईल असा आकडा क्लाससाठी दिला तो श्याम चिदंबर आणि ख्रिस केमेरर यांनी. १९९१ मध्ये त्यांनी तो पहिल्यांदा मांडला आणि १९९४ मध्ये सुधारून दिला. सहा मापांच्या त्यांच्या संचातले एक माप एकजीवपणाच्या अभावाचे. रीत अगदी शाळकरी आहे. क्लासमधील कामांच्या जोड्या लावायच्या. ज्या जोडीत एकही माहिती सामाईक नाही, त्या जोड्या मोजायच्या. ज्यात आहे, त्या मोजून वजा करायच्या. उत्तर ऋण आले तर शून्य धरायचे. वरच्या रुग्णाच्या चार कामांच्या सहा जोड्या होतात. रक्तदाबाची एक आणि बिलाची एक अशा दोन जोड्यांत माहिती सामाईक आहे. उरलेल्या चारांत नाही. चार वजा दोन, म्हणजे उत्तर दोन. आता क्लासचे दोन भाग करा, ‘तपासणी’ आणि ‘बिल’. प्रत्येकात एकच जोडी आणि तीही सामाईक माहितीची. दोन्हीकडे उत्तर शून्य. माप सांगते की घर नीट लागले.

आता हेच माप कसे फसते ते पाहा. मूळ रुग्ण क्लासमध्ये रुग्णाचा नोंदणी क्रमांक घाला आणि चारही कामांना तो वापरायला लावा. एका फटक्यात सहाही जोड्यांत काहीतरी सामाईक आले. उत्तर शून्य! दोन बिऱ्हाडे तशीच आहेत, फक्त दारावरची पाटी एक झाली. उलट, ज्या क्लासचे काम केवळ माहिती जपून ठेवणे आणि मागितली की देणे एवढेच आहे, त्याची प्रत्येक कृती एकेकाच माहितीला शिवते; तो अगदी योग्य असला तरी आकडा फुगतो. १९९६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासासाठी मेरिलँड विद्यापीठात व्हिक्टर बासिली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी विद्यार्थ्यांच्या आठ गटांकडून सी प्लस प्लसमध्ये प्रोग्रॅम लिहवून घेतले आणि कोणते माप चुका आधी ओळखते ते तपासले. सहांपैकी पाच मापे कमी-अधिक उपयोगी ठरली. निरुपयोगी ठरले ते नेमके हेच. ऋण उत्तर शून्य धरण्याच्या नियमामुळे बरेवाईट बहुतेक क्लास एकाच शून्यावर येऊन बसत होते.

त्यानंतर सुधारणांची रीघ लागली. कुणी कामे आणि माहिती यांचा आलेख काढून त्यात किती सुटी बेटे पडतात ते मोजले. रुग्णाच्या पहिल्या क्लासमध्ये दोन बेटे पडतात, आणि हे जोड्यांच्या वजाबाकीपेक्षा डोळ्यांना लगेच पटते. कुणी उत्तर शून्य ते एक यांच्यात बसवले. ही मापे आज कोड तपासणाऱ्या साधनांत बसवलेली असतात आणि ती टाकाऊ नाहीत. थर्मामीटर ताप दाखवतो. तो टायफॉइडचा की डेंग्यूचा, हे त्याला कळत नाही, म्हणून कुणी थर्मामीटर फेकून देत नाही. पण सगळ्या मापांची नजर कोडच्या आतच फिरते. रक्तदाब आणि बिल एकत्र का नकोत, याचे खरे कारण कोडमध्ये नाही. वॉर्डातील परिचारिका आणि कॅशिअरच्या खिडकीवरचा कारकून ही दोन वेगळी माणसे आहेत, त्यांची कामे वेगळ्या कारणांनी आणि वेगळ्या वेळी बदलतात, हे ते कारण.

न्यूगोर यांची दृष्टी पहिल्यापासून इथे होती. चालणारा प्रोग्रॅम म्हणजे जगाच्या एखाद्या तुकड्याची हलती प्रतिकृती, असे ते मानत. मग तो तुकडा नीट समजलेला कुणाला असतो? त्यात रोज काम करणाऱ्याला. सिम्युला तयार झाल्यावर त्यांच्या लक्षात आले की कारखान्यांची प्रतिकृती करून कामाची आखणी करायला ही भाषा वापरली जाते आहे, आणि आखणी करणाऱ्या टेबलाभोवती कामगार कुठेच नाहीत. ज्यांचे काम बदलणार, त्यांना विचारलेलेच नव्हते. स्वतः घडवलेले हत्यार कुणाच्या हाती आहे, हे पाहून अस्वस्थ होणारे शास्त्रज्ञ पुष्कळ असतात. न्यूगोर यांनी बूट चढवले आणि ते लोखंड व धातू कामगारांच्या संघटनेकडे गेले.

१९७१ ते १९७३ या काळात तरुण सहकाऱ्यांना घेऊन त्यांनी या संघटनेबरोबर एक प्रकल्प केला. सुरुवात चुकीची झाली. तज्ज्ञांनी अभ्यास करायचा, अहवाल लिहायचा आणि तो संघटनेने वाचायचा, असा बेत होता. काही महिन्यांतच तो फसणार हे दिसले. अहवाल कपाटात गेला असता आणि कारखाना होता तसाच राहिला असता. मग प्रकल्पाच्या ‘निष्कर्षा’चाच अर्थ बदलण्यात आला. संघटना स्वतः जी पावले उचलेल, तोच निष्कर्ष. कामगारांसाठी संगणकावरची पाठ्यपुस्तके लिहिली गेली, कारखान्या-कारखान्यांत अभ्यासगट बसले, आणि येऊ घातलेल्या संगणक व्यवस्थेत आपल्याला काय हवे, काय नको, हे कामगारांनी स्वतः मांडायला घेतले.

यातून आले ते डेटा करार. नवी संगणक व्यवस्था आणण्याआधी कामगारांना तिची माहिती कळेल अशा भाषेत द्यायची, त्यांचा प्रतिनिधी चर्चेत बसवायचा, असे कलम करारांत आले. १९७५ मध्ये ते देशपातळीवर मान्य झाले आणि १९७७ च्या कामकाज-पर्यावरण कायद्यात त्याची छाया उतरली. हा कायदा मुळात कामगारांच्या आरोग्याचा आहे. धूर, आवाज आणि अपघात यांच्याबरोबर, आपले काम कसे आखले जाते यावर माणसाचा काही ताबा असणे हाही प्रकृतीचा भाग आहे, असे नॉर्वेच्या कायद्याने त्या वर्षी मानले. संगणक व्यवस्था वापरणाऱ्यांना सोबत घेऊन घडवण्याच्या पद्धतीला जगभर ‘स्कँडिनेव्हियन परंपरा’ म्हणतात. तिची मुळे या प्रकल्पात आहेत. ऑब्जेक्टची कल्पना आणि ही परंपरा वरवर पाहता दोन टोकांची वाटतात. एका माणसाच्या आयुष्यात मात्र ती एकाच धाग्याची होती: वर्णन करायचे तर ज्याचे आहे त्याच्या शब्दांत करायचे.

भाषा घडवणेही थांबले नव्हते. आधी डेल्टा आणि १९७६ पासून तीन तरुण सहकाऱ्यांबरोबर बीटा, अशा दोन भाषांवर त्यांनी काम केले. बीटामध्ये क्लास, काम, प्रक्रिया या सगळ्यांना एकाच साच्यातून काढण्याचा प्रयत्न होता. तो सुंदर आहे, पण बाजारात चालला नाही. ऑर्‍हुसला आणि नंतर ऑस्लो विद्यापीठात ते प्राध्यापक होते. विद्यार्थ्यांना प्रोग्रॅमिंग शिकवताना दोन आकड्यांच्या बेरजेपासून सुरुवात करणे त्यांना पटत नसे. उपाहारगृह घ्या, असे त्यांचे सांगणे असे. वाढपी, आचारी, गिऱ्हाइके, टेबले. कुणाला काय ठाऊक असते, कोण कुणाला काय सांगतो? वाढप्याने भाजी फोडणीला घालायची नसते आणि आचाऱ्याने बिल करायचे नसते, हे समजायला कुणाला सूत्र लागत नाही. पुरेशा गुंत्याच्या उदाहरणापासून सुरुवात केली तरच क्लास कशासाठी आहे हे कळते, यावर ते ठाम होते.

या सगळ्यात राजकारण अधूनमधून नव्हे, सतत चालू होते. साठच्या दशकात ते उदारमतवादी पक्षात होते, नंतर मजूर पक्षात आले. समाजाने टाकलेल्या मद्यपींसाठी माणुसकीने जगता येईल अशी एक प्रायोगिक संस्था चालवण्यातही काही वर्षे त्यांनी घातली. पण नॉर्वेच्या सामान्य माणसाला न्यूगोर माहीत झाले ते संगणकामुळे नव्हेच. युरोपीय संघात नॉर्वेने जावे की नाही, हा नव्वदच्या दशकातला तिथला सर्वांत मोठा वाद. सरकार, मोठे उद्योग आणि बहुतेक मोठी वृत्तपत्रे जाण्याच्या बाजूची. ‘युरोपीय संघाला नाही’ या संघटनेचे नेतृत्व १९९० पासून पाच वर्षे न्यूगोर यांच्याकडे होते. शेतकरी, मच्छीमार, पर्यावरणवादी, डावे, मध्यममार्गी अशा एरवी एका खोलीत न बसणाऱ्या लोकांना त्यांनी एका प्रश्नापुरते एकत्र धरले. सव्वा लाखाहून अधिक सभासद झाले. त्या वेळी देशाची लोकसंख्याच ४३ लाखांच्या आसपास होती. २८ नोव्हेंबर १९९४ च्या सार्वमतात ५२.२ टक्क्यांनी नकार दिला. तो निर्णय बरोबर की चूक, यावर नॉर्वेत आजही दोन मते आहेत.

संगणकशास्त्राने त्यांची आठवण काढायला उशीरच केला. २००१ सालचा ट्युरिंग पुरस्कार डाल आणि न्यूगोर यांना मिळून जाहीर झाला आणि त्याच सुमारास जॉन फॉन नॉयमन पदकही. क्लास जन्मून तोवर चौतीस-पस्तीस वर्षे उलटली होती. डाल तेव्हा आजारी होते. २९ जून २००२ रोजी ते गेले. सहाच आठवड्यांनी, १० ऑगस्टला, न्यूगोर हृदयविकाराच्या झटक्याने गेले. पंचाहत्तर वर्षांचे होते आणि नव्या विद्यार्थ्यांना ऑब्जेक्ट कसे शिकवावेत, याच्या एका प्रकल्पात गुंतलेले होते.

२००४ मध्ये ऑब्जेक्ट तंत्रज्ञानाच्या युरोपीय संघटनेने दोघांच्या नावाने पारितोषिक ठेवले. पहिले २००५ मध्ये देण्यात आले: ज्येष्ठ संशोधकाचे बर्ट्रांड मेयर यांना आणि तरुण संशोधकाचे गेल मर्फी यांना. पारितोषिकाच्या नावात डाल आणि न्यूगोर यांच्यामध्ये फक्त एक लहानशी आडवी रेघ आहे.